बीपी आटोक्यात येत नाही आणि नाडी धावते: मूत्रपिंडाच्या अरुंद धमनीचा संशय टप्प्याटप्प्याने कसा तपासावा

तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी वरचं बीपी १६०-१७०च्या खाली येत नाही. बसल्या जागी नाडीचे ठोके १०५-११० पडतात. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर डॉक्टर बदलले जातात आणि गोळ्यांचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नाही तर कुणीतरी ‘किडनीच्या नसेत अडथळा असेल’ म्हणतं आणि थेट सीटी अँजिओग्राफीची (धमन्यांचं सीटी-चित्र काढण्याच्या तपासणीची) तारीख घेतली जाते. दोन्हींत मधले टप्पे गळतात. बीपी चुकीच्या पट्ट्याने मोजलेलं असतं, नाडी पूर्ण मिनिटभर कुणी मोजलेली नसते, कोणती गोळी कधी बंद केली हे कुणाला आठवत नाही. मग अहवालात ‘६० टक्के अरुंद’ असं छापून येतं आणि त्या आकड्याचं काय करायचं ते ठरवायला काही आधारच उरत नाही.

औषध आणि तपासणी डॉक्टर ठरवतील. त्यांना नीट ठरवता यावं अशी माहिती मात्र घरीच तयार होते, आणि ती कोणत्या क्रमाने तयार करायची ते पुढे दिलं आहे.

## आधी हे वाचा: घरी थांबायचं नाही अशा वेळा

बीपी १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पण खालीलपैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत न बसता १०८ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा:

- छातीत दुखणं किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ
- एकाएकी दम लागणं, आडवं झालं की श्वास न पुरणं
- तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं
- नजर धूसर होणं, भ्रम, फिट
- नाडी १५०च्या पुढे आणि सोबत चक्कर किंवा शुद्ध हरपणं.

यातलं काहीच नसेल, पण आकडा तसाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

सावध: निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याचा सल्ला अजूनही शेजारीपाजारी दिला जातो. तसं करू नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि नाडी उलट आणखी धावते. मूत्रपिंडाची धमनी आधीच अरुंद असेल तर या घसरणीचा फटका मूत्रपिंडालाही बसतो.

## आत काय चाललेलं असतं

मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद झाली की त्या मूत्रपिंडापर्यंत दाब कमी पोचतो. मूत्रपिंडाला वाटतं, साऱ्या शरीराचाच दाब पडला आहे. ते रेनिन नावाचा स्राव सोडतं. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होतं, त्याने शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढून मीठ-पाणी शरीरात साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. अँजिओटेन्सिन-२ सिंपथेटिक (शरीराला सज्ज करणाऱ्या) मज्जासंस्थेलाही चेतवतं, त्यामुळे ठोके वाढू शकतात.

‘वाढू शकतात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वेगवान नाडी हा अरुंद धमनीचा पुरावा नाही. हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड वाढणं, हृदयाच्या तालातला बिघाड, एखादं औषध अचानक सोडणं, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. म्हणून बीपीचा शोध आणि नाडीचा शोध हे दोन धागे शेवटपर्यंत वेगळे धरायचे.

धमनी अरुंद होण्याची कारणं मुख्यतः तीन. पन्नाशीनंतर, विशेषतः तंबाखू, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल असलेल्यांत, धमनीच्या तोंडाशी चरबीचे थर साचतात. तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया नावाचा भिंतीचा दोष असू शकतो, त्यात धमनीचा मधला-पुढचा भाग मण्यांच्या माळेसारखा दिसतो. तिसरं कारण ताकायासू धमनीदाह, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींना येणारी सूज. आपल्याकडे तरुण मुलींच्या उच्च रक्तदाबात याचा विचार आवर्जून करावा लागतो. कारण कोणतं यावर उपचार पूर्ण बदलतो, त्यामुळे ‘अडथळा आहे’ एवढं कळून भागत नाही.

## टप्पा १: सात दिवसांचं खरं बीपी

यंत्र आणि पट्टा. दंडाला बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाच्या मध्यावर शिवणाची टेप लावून घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहा. बहुतेक यंत्रांसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो. घेर ३४ असेल तर मोठा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. जाड दंडावर लहान पट्टा लावला की बीपी ५ ते २० अंकांनी खोटं जास्त दिसतं. ‘गोळ्यांना दाद न देणारं बीपी’ म्हणून आलेल्या काही जणांचा आजार केवळ पट्टा बदलल्यावर निम्मा होतो.

मोजण्याआधी. अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर सपाट, पाय एकमेकांवर टाकलेले नकोत. बाही गुंडाळून दंड आवळू नका, सदरा काढलेला बरा. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही आणि मोबाइल बंद.

मोजताना. हात टेबलावर टेकवा, पट्टा हृदयाच्या पातळीला. हात मांडीवर लोंबता ठेवला आणि पट्टा हृदयाच्या १३ सेंमी खाली गेला, तर साधारण १० अंक वाढून येतात. मोजताना बोलू नका आणि कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नका, तेवढ्यानेही आकडा चढतो.

किती वेळा. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हातात जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरा. मग सात दिवस, सकाळी उठल्यापासून तासाभरात, गोळ्या आणि नाश्त्याआधी दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून. आणि संध्याकाळी जेवणाआधी तसंच दोन वेळा. असे २८ आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार वगळा, उरलेल्या २४ची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर ते वाढलेलं बीपी. दवाखान्यातली मर्यादा १४०/९० आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

उभं राहून. एखाद्या दिवशी बसून मोजल्यानंतर उभं राहा, एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचं बीपी २० किंवा खालचं १० अंकांनी पडलं तर तशी नोंद करा. उभं राहताच नाडी ३०हून जास्त वाढत असेल तर तेही लिहा. शरीरात पाणी कमी पडणं, लघवी वाढवणाऱ्या गोळीचा (पुढे ‘लघवीची गोळी’) डोस जास्त होणं असं कारण तिथेच सापडू शकतं.

तपासून घ्या: दोन हातांत वरच्या बीपीचा फरक १०हून जास्त आहे का? २० किंवा अधिक असेल, किंवा एका मनगटाची नाडी दुसऱ्यापेक्षा क्षीण लागत असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. ताकायासूमध्ये एका हाताची धमनी आकसलेली असू शकते. त्या हातावर १२०/८० येतं आणि खरा दाब १९० असतो. अशा मुलींना ‘बीपी नॉर्मल आहे, डोकेदुखी टेन्शनची’ असं सांगून वर्षानुवर्षं परत पाठवलं जातं. दोन्ही हातांची नाडी क्षीण असेल तर पायाचं बीपी मोजून घ्यावं लागतं.

## टप्पा २: नाडी, घड्याळ लावून

यंत्रावर दिसणारा नाडीचा आकडा उपयोगी आहे, पण पुरेसा नाही. ठोके अनियमित असतील तर तो चुकतो.

1. बीपी मोजून झाल्यावर तसंच बसून राहा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. स्वतःचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते.
2. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणणं या कामाला चालत नाही.
3. आकड्याशेजारी एक शब्द लिहा: ‘नियमित’ किंवा ‘अनियमित’.
4. धडधड झाली तर वेळ, ती किती मिनिटं टिकली, आणि कशी सुरू झाली-थांबली ते लिहा.

विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० ठोके ही नेहमीची मर्यादा. हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी ११०ची नाडी बहुधा शरीरातल्या दुसऱ्या कशामुळे तरी असते: ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड, वेदना, घबराट. बटण दाबल्यासारखी एकदम १६०-१८० होऊन तशीच एकदम थांबणारी, नियमित धडधड हृदयातल्या जादा विद्युतमार्गाकडे बोट दाखवते. पूर्ण अनियमित नाडी म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची) शक्यता. त्यात पक्षाघाताचा धोका वेगळा असतो, म्हणून ते बाजूला ठेवून किडनीच्या मागे लागायचं नाही.

सावध: धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुतेकदा साफ येतो आणि ‘काही नाही’ असं सांगितलं जातं. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. तेवढा वेळ मिळत नसेल तर २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजी यंत्र), आणि धडधड आठवड्यातून एखाद्या वेळीच होत असेल तर त्याहून जास्त दिवसांचं मॉनिटर लागतं.

## टप्पा ३: तोंडातून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी

एका कागदावर चार रकाने करा: नाव, मिलिग्रॅम, किती वाजता, मागच्या १४ दिवसांत किती वेळा चुकली. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजली की तो भरता येतो. बीपी न उतरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण याच रकान्यात असतं.

यादीत डॉक्टरांनी न दिलेल्या गोष्टीही हव्यात. त्याच जास्त विसरल्या जातात.

बीपी वाढवणारे: डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमध हे विशेष लक्षात ठेवा. ते बीपी वाढवतं आणि पोटॅशियम पाडतं, म्हणजे अरुंद धमनीच्या आजाराची हुबेहूब नक्कल करतं. काढा, चूर्ण, मुखवास यांच्या पुड्या सोबत न्या, घटक वाचता आले पाहिजेत.

नाडी वाढवणारे: दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, थायरॉक्सिनचा जास्त डोस, एनर्जी ड्रिंक, तंबाखू-गुटखा-मिश्री. बीपीच्याच काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात आणि प्रतिक्रिया म्हणून हृदय धावतं. निफेडिपिन, हायड्रालाझिन, मिनॉक्सिडिल, प्राझोसिन ही नावं यादीत असतील तर त्यांच्याखाली रेघ मारा.

अचानक सोडलेलं औषध: मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल (हे तिन्ही बीटा-ब्लॉकर, नाडी आणि बीपी उतरवणारे) किंवा क्लोनिडिन एकदम बंद केलं की दोन-तीन दिवसांत बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात. गावाला जाताना पाकीट घरी राहिलं, आणि तिथे पोचल्यावर ‘बीपी आउट’ झालं, असं घडलं असेल तर ती तारीख लिहा.

## टप्पा ४: संशयाला आधार आहे का?

उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाच्या मूत्रपिंडाच्या धमन्या तपासायच्या नसतात. खालीलपैकी काही असेल तर तपासाव्यात:

- तिशीच्या आत सुरू झालेलं बीपी, विशेषतः घरात कुणाला नसताना
- पंचावन्ननंतर एकाएकी सुरू झालेलं जोरदार बीपी, किंवा वर्षानुवर्षं आटोक्यात असलेलं अचानक बिघडणं
- लघवीच्या गोळीसह तीन औषधं पूर्ण डोसमध्ये, न चुकता घेऊनही न उतरणारं बीपी
- ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातली गोळी (रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी) सुरू केल्यावर क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम घटलं की रक्तात वाढणारा घटक) ३० टक्क्यांहून जास्त वाढणं. १.० होतं ते १.३च्या पुढे जाणं.
- सोनोग्राफीत दोन मूत्रपिंडांच्या लांबीत १.५ सेंमीहून जास्त फरक
- हृदयाचं पंपिंग चांगलं असतानाही फुप्फुसात वारंवार एकाएकी पाणी भरणं
- बेंबीच्या वर, बाजूला स्टेथोस्कोपने ऐकू येणारी फुत्कारासारखी सूं-सूं

यादीत ‘नाडी वेगवान’ हा मुद्दा नाही. बीपी आणि नाडी दोन्ही सोबतच, झटके आल्यासारखी वाढत असतील, डोकं ठणकत असेल, दरदरून घाम सुटत असेल, चेहरा पांढरा पडत असेल, तर आधी अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीचा विचार होतो. त्यासाठी रक्तातलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन (या गाठीच्या स्रावापासून बनणारा घटक) तपासतात.

सावध: ही गाठ असताना नाडी कमी करायला आधी बीटा-ब्लॉकर दिला तर बीपी भयंकर चढू शकतं. आधी अल्फा-ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), मगच बीटा, हा क्रम पाळावा लागतो. म्हणून झटक्यांची नोंद डॉक्टरांना दाखवायच्या आत घरात पडून राहिलेली मेटोप्रोलॉल परस्पर सुरू करू नका.

तीन औषधांना न जुमानणाऱ्या बीपीत झोपेत श्वास अडकणं आणि अल्डोस्टेरॉन जास्त तयार होणं ही कारणंही नेहमी सापडतात. मोठ्याने घोरणं, दिवसा पेंगणं असेल तर सांगा.

## टप्पा ५: धमनीचं चित्र काढण्याआधीच्या तपासण्या

हा टप्पा गाळून पुढे जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

रक्तातलं क्रिएटिनीन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, टीएसएच (थायरॉइडसाठी). लघवीची साधी तपासणी आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर (लघवीतून प्रथिनं किती जातात ते कळायला), सकाळच्या लघवीवर. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). पोटाची सोनोग्राफी, त्यात दोन्ही मूत्रपिंडांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली हवी. नुसतं ‘आकार नॉर्मल’ लिहिलेलं पुरत नाही. तरुण रुग्णात, हातांच्या नाडीत फरक असेल तर ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या).

लघवीतून भरपूर प्रथिनं जात असतील तर आजार धमनीपेक्षा मूत्रपिंडाच्या गाळणीत असण्याची शक्यता वाढते. लघवीची गोळी चालू नसताना पोटॅशियम ३.५च्या खाली असेल तर संशय अल्डोस्टेरॉनकडे, पर्यायाने रेनिनकडे जातो.

तपासून घ्या: रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळून सोडली, किंवा दंडाला रबर फार वेळ बांधून ठेवलं, तर पोटॅशियम खोटं जास्त येतं. आधी ४.२ असलेलं पोटॅशियम अचानक ५.९ आलं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि मूठ न आवळता नमुना पुन्हा देण्याबद्दल विचारा.

रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी सांगितली असेल तर कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या ते लेखी घ्या. बीटा-ब्लॉकरने रेनिन कमी दिसतं, ‘प्रिल-सार्टन’ आणि लघवीच्या गोळ्यांनी जास्त. स्पायरोनोलॅक्टोन या अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या गोळीचा परिणाम जायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीसाठी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

## टप्पा ६: धमनीचं चित्र, स्वस्त आणि निर्धोक तपासणी आधी

### डॉपलर

डॉपलर म्हणजे धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. चिठ्ठीवर ‘रीनल आर्टरी डॉपलर’ लिहिलेलं आहे ना, ते पाहा. ‘केयूबी सोनोग्राफी’ (मूत्रपिंड आणि मूत्राशयाची) ही वेगळी तपासणी आहे. दोन्ही एकच समजून लोक पैसे भरून येतात आणि धमनी तपासलेलीच नसते.

मूत्रपिंडाच्या धमन्या पोटात खोल असतात आणि मध्ये आतड्यातला वायू आला की दिसत नाहीत. म्हणून सकाळची पहिली वेळ घ्या. सहा ते आठ तास उपाशी राहा. आदल्या रात्री हलकं जेवण, त्यात हरभरा, वाटाणा, राजमा, कोबी, सोडा नको. बीपीच्या सकाळच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या असतात. उपास म्हणून त्या चुकवल्या की बीपी चढतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं का आणि किती, ते आधीच विचारून ठेवा.

अहवालात हे शोधा: धमनीतला रक्ताचा सर्वाधिक वेग (सेकंदाला २०० सेंमीच्या आसपास किंवा वर असेल तर अरुंदपणाचा संशय), मूत्रपिंडाची धमनी आणि महाधमनी यांच्या वेगांचं गुणोत्तर (३.५च्या वर असेल तर संशय पक्का होत जातो), आणि रेझिस्टिव्ह इंडेक्स (मूत्रपिंडातल्या रक्तप्रवाहाला होणारा विरोध). हा शेवटचा आकडा ०.८च्या वर असेल तर आतल्या बारीक वाहिन्याही खराब झालेल्या असण्याची शक्यता असते आणि अडथळा काढूनही फायदा कमी होऊ शकतो.

सावध: ‘धमनी वायूमुळे नीट दिसली नाही’ आणि ‘धमनी नॉर्मल’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं लिहिलं असेल तर तपासणी झालीच नाही असं धरा.

### सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी

डॉपलर संशयास्पद असेल, किंवा दिसलंच नसेल आणि टप्पा ४मधला आधार भक्कम असेल, तेव्हा ही तपासणी. सीटीत आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात, म्हणून ताजं क्रिएटिनीन हातात हवं. आधी कधी या औषधाची अॅलर्जी आली असेल तर फोनवर वेळ घेतानाच सांगा. दुखण्याच्या गोळ्या बंद. ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनीन पाहूनच पुन्हा सुरू करतात.

एमआरला किरणोत्सर्ग नाही, पण अरुंदपणा आहे त्याहून जास्त दिसण्याकडे कल असतो, आणि स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलेली धमनी त्यात नीट दिसत नाही. गॅडोलिनियम (एमआरसाठी शिरेतून द्यायचं औषध) द्यायचं असेल आणि ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर नेफ्रोलॉजिस्टशी (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी) बोलूनच.

### टक्क्यांचा आकडा कसा वाचायचा

५० टक्क्यांच्या आतला अरुंदपणा सहसा बीपीचं कारण नसतो. ७० टक्के आणि वर असेल तर तो महत्त्वाचा मानतात. ५० ते ७० हा मधला पट्टा फसवा आहे. तिथे नळी आत घालून अडथळ्याच्या अलीकडे-पलीकडे दाब मोजतात. वरच्या दाबात २० अंक किंवा त्याहून जास्त फरक असेल तर अडथळा खरोखर दाब अडवतो आहे. साठीनंतर असे थर अनेकांत योगायोगानेही सापडतात. अडथळा असणं आणि बीपी त्यामुळेच असणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात.

## टप्पा ७: औषधं, आणि ती सुरू झाल्यावरचं रक्त

अरुंद धमनीतून आलेल्या बीपीवर ‘प्रिल-सार्टन’ गट (रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन) नेमकं मुळावर काम करतो. मात्र दोन्ही धमन्या अरुंद असतील, किंवा एकच मूत्रपिंड असून त्याची धमनी अरुंद असेल, तर याच गोळीने गाळणीचा दाब पडून क्रिएटिनीन झपाट्याने वाढतं.

1. सुरू करण्याआधीचं क्रिएटिनीन आणि पोटॅशियम लिहून ठेवा.
2. गोळी सुरू झाल्यावर, आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर, एक ते दोन आठवड्यांत दोन्ही पुन्हा तपासा. तीन महिन्यांनी नाही.
3. क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा चालतं. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
4. उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन पाणी पोटात टिकत नसेल, तर ही गोळी आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे आधीच विचारून कागदावर घेऊन ठेवा. रात्री दोन वाजता जुलाब सुरू झाल्यावर विचारायला कुणी नसतं.

सावध: ‘प्रिल-सार्टन’, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंड बंद पडू शकतं. गुडघेदुखीसाठी काय घ्यायचं ते आधी ठरवून घ्या.

सावध: ‘प्रिल-सार्टन’ गट गरोदरपणात चालत नाही, बाळाच्या मूत्रपिंडाला इजा होते. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया आणि ताकायासू मूल होण्याच्या वयातच आढळतात. त्यामुळे लग्न ठरलं आहे किंवा मुलाचा विचार आहे हे डॉक्टरांना संकोच न करता सांगावं, म्हणजे गोळी आधीच बदलता येते.

बीटा-ब्लॉकर रेनिनही कमी करतो आणि नाडीही. दोन्ही त्रास असलेल्यांना तो सोयीचा पडतो, पण दमा असेल तर सांगा, आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेमसोबत तो जुळत नाही. नाडी फार मंद होते. विश्रांतीची नाडी ५०च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर फोन करा. थांबवायचा झाल्यास एक-दोन आठवड्यांत उतरवत थांबवतात. चरबीच्या थरांमुळे अरुंदपणा असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि बहुधा अॅस्पिरिनही लागतं. तंबाखू सगळ्या रूपांत बंद.

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; भाजी-आमटीतलं धरून. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, सुकट, फरसाण यांतच तो चमचा संपतो. ‘लो-सोडियम’ मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ‘प्रिल-सार्टन’सोबत ते धोकादायक चढू शकतं. रोजच्या शहाळ्याबद्दलही विचारून घ्या.

## टप्पा ८: फुगा आणि स्टेंट कोणाला?

फुग्याने अरुंद धमनी आतून रुंद करतात आणि गरज पडली तर तिथे स्टेंट बसवतात. इथे सर्वांत जास्त घाई होते. चरबीच्या थरांमुळे झालेल्या अरुंदपणात स्टेंट आणि फक्त औषधं यांची तुलना दोन मोठ्या अभ्यासांत झाली: २००९ साली प्रसिद्ध झालेला ८०६ रुग्णांचा अॅस्ट्रल, आणि २०१४चा ९४७ रुग्णांचा कोरल. नीट औषधं घेणाऱ्यांना स्टेंटने एकूणात जादा फायदा झालेला दोन्हींत दिसला नाही. फुप्फुसात वारंवार पाणी भरण्यासारखी गंभीर अवस्था असलेले रुग्ण त्यांत फार कमी होते, त्यामुळे त्यांच्यासाठी निर्णय वेगळा होतो.

व्यवहारात स्टेंटचा विचार होतो तो पूर्ण डोसच्या औषधांनीही न उतरणारं बीपी, वारंवार फुप्फुसात पाणी, किंवा दोन्ही धमन्या (किंवा एकुलत्या मूत्रपिंडाची धमनी) अरुंद असून झपाट्याने घसरणारं मूत्रपिंडाचं काम, या परिस्थितीत. मूत्रपिंड आकसून सात-आठ सेंमीच्या आत गेलं असेल तर सहसा काही मिळत नाही.

फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसियात गणित उलटं आहे. तिथे नुसत्या फुग्याने धमनी उघडते, स्टेंट बहुधा लागत नाही, आणि तरुण रुग्णात बीपी पुष्कळ उतरू शकतं. ताकायासूत आधी दाह शांत करायचा, स्टेरॉइड आणि सोबतच्या औषधांनी. पेटलेल्या धमनीत फुगा घातला तर ती पुन्हा आकसण्याची शक्यता मोठी असते.

केवळ धडधड थांबावी म्हणून मूत्रपिंडाच्या धमनीत स्टेंट घालून घेऊ नका. टप्पा २मधलं नाडीचं कारण सापडलेलं नसेल तर स्टेंटनंतरही ती तशीच धावेल.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या अरुंदपणाचं कारण तिघांपैकी कोणतं? अडथळा दाब अडवतो आहे हे कशावरून? औषधं पूर्ण डोसमध्ये वापरून झाली आहेत का?

## टप्पा ९: प्रक्रियेआधी आणि नंतर

सरकारी योजनेतून करायचं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी भेटा. आपलं पॅकेज बसतं का ते कळतं, आणि मंजुरी प्रक्रियेआधी घ्यावी लागते. गोळ्यांची यादी, सात दिवसांची वही, सगळे अहवाल आणि सीटीची सीडी सोबत. नुसता छापील अहवाल नेला तर तपासणी पुन्हा करावी लागू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कधी थांबवायची ते लेखी घ्या.

जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. उठायची घाई केली की तिथे रक्त साठतं. पहिल्या दिवशी बीपी एकदम खाली येऊ शकतं, म्हणून नेहमीच्या सगळ्या गोळ्या सवयीने देऊ नका, वॉर्डात विचारूनच द्या. कमरेत किंवा कुशीत नवीन दुखणं, जांघेत वाढती सूज, थंड किंवा निळसर पडलेली बोटं, लघवी कमी होणं, नाडी चढून बीपी पडणं, यातलं काही दिसलं तर लगेच नर्सला सांगा. आतला रक्तस्राव किंवा रक्तपुरवठा अडणं असंच सुरू होतं.

स्टेंट घातला असेल तर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) सांगितलेल्या मुदतीपर्यंत एकही दिवस चुकवायचं नाही. दात काढायला गेलात आणि तिथे ‘गोळी बंद करा’ म्हणाले तर आधी ज्यांनी स्टेंट घातला त्यांना विचारा. क्रिएटिनीन दोन-तीन दिवसांनी. चौथ्या आठवड्यात टप्पा १प्रमाणे सात दिवसांची वही पुन्हा भरा; त्याच हातावर, त्याच पट्ट्याने, नाहीतर आधीच्या आकड्यांशी तुलना होत नाही.

डॉपलर साधारण पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. स्टेंटच्या आतला रक्ताचा वेग मुळातच साध्या धमनीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे २०० सेंमीचा नियम तिथे तसाच लागू होत नाही. पुढच्या प्रत्येक डॉपलरची तुलना पहिल्या महिन्यातल्या डॉपलरशी होते. तो अहवाल लॅमिनेट करून फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा आणि दर वेळी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तपासणी सुरू होण्याआधी दाखवा.